चिंचेचा ओंडका, बेचाळीस इंची बार
मोठं लाकूड फळ्यांत चिरण्यासाठी चेनसॉ आणि बार कसा निवडायचा

वळवाच्या वादळात बांधावरची जुनी चिंच आडवी झाली की नगरकडे तिची पुढची वाट ठरलेली असते. फांद्या चुलीला जातात आणि बुंधा वीटभट्टीला. वजनावर सौदा होतो, ट्रॅक्टर येतो, दोन दिवसांत जागा मोकळी. शंभर वर्षं वाढलेलं लाकूड आठवडाभरात जळून जातं. त्याच बुंध्याच्या तीन इंच जाड फळ्या निघाल्या असत्या तर घरात एक टेबल, ओसरीवर एक बाक आणि दारासमोर दोन पिढ्या पुरेल असा ओटा झाला असता. मालकाला हे कळत नाही असं नाही. अडचण वेगळी असते. तेवढा ओंडका आरागिरणीपर्यंत न्यायचा कसा, आणि जागेवरच चिरायचा तर कशाने?

पूर्वी हे काम आरेकरी करायचे. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा, एक जण वर, एक खाली, मधे लांब आरा. आज तेच काम चेनसॉ करतो. आपल्याकडे त्याला कुणी कटर म्हणतं, कुणी नुसतं मशीन. पण दुकानात जाऊन ‘मोठं मशीन द्या’ म्हटलं की जे हातात पडतं, ते बहुतेक वेळा फांद्या तोडायचं मशीन असतं. त्याने तीन फुटी बुंधा चिरायला घेतला की तासाभरात इंजिन तापतं आणि दिवसअखेर पिस्टन जातो. हे टाळायचं असेल तर निवड ओंडक्यापासून सुरू करावी. ओंडक्यावरून बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी), बारवरून इंजिन, इंजिनावरून चेन. हा क्रम उलटा केला की पैसे जातात.

आधी परवाना

अहिल्यानगर जिल्ह्यात करवतीवर लिहायचं आणि कुऱ्हाडबंदीचं नाव घ्यायचं नाही, असं होऊ शकत नाही. हिवरे बाजारने ज्या नियमांवर गाव उभं केलं, त्यांत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी होती. राळेगणसिद्धीनेही हीच शिस्त पाळली. अकोले तालुक्याचा पश्चिमेकडचा घाटमाथा सोडला तर आपला जिल्हा कमी पावसाचा. इथे बुंधा तीन फुटांचा व्हायला माणसाचं आयुष्य जातं. म्हणून हा लेख पडलेल्या, वाळलेल्या किंवा रीतसर परवानगीने तोडलेल्या झाडांपुरता आहे.

१९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर यांच्याबरोबर चिंच, आंबा आणि जांभूळही आहेत. ही झाडं स्वतःच्या शेतात असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहराच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रातला झाडांचा कायदा लागू होतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला त्यात ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून वेगळं संरक्षण मिळालं आहे. झाड आपोआप पडलं असेल तरी फोटो काढून ठेवा, तलाठ्याला कळवा, आणि लाकूड हलवण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतूक परवान्याची चौकशी करा.

स्वतःच्या वापरासाठी चिरणं वेगळं आणि दुसऱ्याचं लाकूड पैसे घेऊन चिरणं वेगळं. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात महाराष्ट्रातल्या विनापरवाना आरागिरण्या बंद करायला सांगितल्या, तेव्हापासून वनखात्याचं या धंद्यावर बारीक लक्ष असतं. मशीन विकत घेऊन गावोगाव धंदा करायचा विचार असेल तर आधी वनखात्याकडून लेखी खुलासा घ्यावा.

टेप आधी ओंडक्याला लावा

आपल्याकडे लाकूडवाले व्यास मोजत नाहीत, घेर मोजतात. बुंध्याला टेप गुंडाळायची, आलेल्या आकड्याचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं, की घनफूट तयार. साडेनऊ फूट घेराचा आठ फुटी ओंडका या हिशेबाने साधारण ४५ घनफूट भरतो. गोल खोडाचं खरं घनफळ काढलं तर ते साडेसत्तावन्नच्या आसपास येतं. म्हणजे व्यापाऱ्याच्या हिशेबात पाचवा हिस्सा आधीच सोडलेला असतो. सालीत, बाकात आणि भुशात तेवढं जाणारच, असं हे जुनं गणित सांगतं. विकताना हा फरक लक्षात ठेवावा.

मशीन निवडताना मात्र घेर चालत नाही, रुंदी लागते. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. साडेनऊ फूट म्हणजे ११४ इंच, त्याचा व्यास ३६ इंच. पण खोड कधीच पुरतं गोल नसतं. चिंचेचा बुंधा तर पन्हळी पन्हळीचा असतो. मुळाशी फाकलेला, फांद्यांच्या बेचक्याशी फुगलेला. म्हणून टेप बुंध्याच्या सगळ्यात जाड जागी लावा, शिवाय कापलेल्या तोंडावर पट्टी ठेवून सगळ्यात लांब आडवं अंतर मोजा. दोन्हींत मोठा आकडा असेल तो खरा धरा. बेचक्यातल्या लाकडाची नक्षी सगळ्यात देखणी असते आणि चिरताना बार अडकतो तोही तिथेच.

वजनाचाही अंदाज घेऊन ठेवा. वर सांगितलेला ओंडका सुमारे १.६ घनमीटरचा. ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरलं तरी हे दीड टनाच्या वर जातं. चिंच-बाभळीसारखं गच्च लाकूड त्याहूनही भरतं. चेनसॉने जागेवर चिरायची गरज पडते ती या वजनामुळे.

बार किती लांब हवा

फळ्या पाडायला नुसता चेनसॉ पुरत नाही, त्याला चौकट लागते. अमेरिकेतल्या ‘ग्रॅनबर्ग’ कंपनीची ‘अलास्कन मिल’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. रचना साधी आहे. दोन पकडी बारला दोन टोकांना धरतात आणि वर दोन समांतर दांड्या असतात. दांड्या ओंडक्याच्या सपाट पाठीवरून सरकतात, खाली बार कापत जातो. दांडी आणि बार यांच्यातलं अंतर म्हणजे फळीची जाडी.

या पकडी बारची जागा खातात. इंजिनाकडे दोन-तीन इंच, टोकाकडे दोन-तीन इंच. त्यामुळे ३६ इंची बार लावला तरी हाती येतो तो ३० ते ३१ इंचांचा काप. इंजिनाच्या तोंडाशी असलेले लोखंडी दाते काढून टाकले तर थोडी जागा वाचते. सोपा हिशेब असा: ओंडक्याची सगळ्यात मोठी रुंदी अधिक पाच ते सहा इंच, एवढा बार.

घेरावरून सरळ असं वाचता येईल:

• घेर ४ फूट, व्यास १५ इंच: बार २० इंच, इंजिन किमान ६० सीसी.
• घेर साडेपाच फूट, व्यास २१ इंच: बार २६ ते २८ इंच, इंजिन ७० ते ८० सीसी.
• घेर ८ फूट, व्यास साडेतीस इंच: बार ३६ इंच, इंजिन ९० सीसी.
• घेर साडेनऊ फूट, व्यास ३६ इंच: बार ४२ इंच, इंजिन १२० सीसी.
• घेर १२ फूट, व्यास ४६ इंच: बार ५२ इंच किंवा बाजारात मिळेल तो त्यापुढचा, इंजिन १२० सीसीच.

शेवटच्या ओळीला एक पळवाट आहे. फळीची सगळी रुंदी हवीच असा हट्ट नसेल तर आधी ओंडक्याच्या दोन्ही कडा उभ्या छाटून घ्याव्यात. ४६ इंची बुंधा दोन्हीकडून आठ-आठ इंच छाटला की मधला भाग ३० इंचांचा राहतो आणि ३६ इंची बारने निभावतो. छाटलेल्या कडा वाया जात नाहीत. त्यांतून पाट, खुंट्या, अवजारांचे दांडे निघतात.

बार लागेल त्याहून फार लांब घेऊ नये. लांब बार मधे झोळ खातो, त्यामुळे फळी मधे जाड आणि कडेला पातळ येते. तेल टोकापर्यंत पोचत नाही. आणि चेन जितकी लांब तितकी धार लावायची कटकट जास्त.

इंजिन किती सीसीचं

इथेच बहुतेकांची फसगत होते. ओंडका आडवा तोडताना २० इंची बार ५० सीसीच्या मशीनवर व्यवस्थित चालतो. मग तोच बार फळी पाडायला का चालू नये?

कारण काम वेगळं आहे. आडवं तोडताना दात लाकडाच्या धाग्यांना आडवे छेदतात आणि कपचे मोकळे होऊन बाहेर उडतात. फळी पाडताना बार पुढे सरकतो तो खोडाच्या लांबीने, त्यामुळे दातांसमोर धाग्यांची टोकं येतात. लाकूड सगळ्यात चिवट असतं ते तिथेच. कपच्यांच्या जागी पिठासारखा भुसा निघतो आणि तो खाचेतच रेंगाळतो.

दुसरं कारण दातांच्या संख्येत आहे. ३/८ इंची चेनवर साधारण दर दीड इंचाला एक कापणारा दात असतो. १५ इंच रुंदीत एका वेळी दहा दात लाकडात असतात. ३० इंच रुंदीत वीस. इंजिनाची तीच ताकद आता वीस ठिकाणी वाटली जाते. प्रत्येक दाताच्या वाट्याला कमी जोर येतो, दात कापायचं सोडून घासायला लागतो आणि घासणीने उष्णता वाढते.

तिसरं कारण वेळेचं. झाड तोडताना मशीन अर्धं मिनिट पूर्ण जोरावर चालतं आणि थांबतं. आठ फुटी, अडीच फूट रुंद चिंचेत एका कापाला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात आणि तेवढा वेळ अॅक्सिलेटर दाबलेलाच असतो. छोटं इंजिन यासाठी बनवलेलं नसतं.

व्यावसायिक मशीनांत जर्मनीच्या ‘स्टिल’ आणि स्वीडनच्या ‘हुस्क्वार्ना’ या कंपन्यांची नावं आपल्याकडे ओळखीची आहेत. मोजपट्टी म्हणून त्यांची काही मॉडेलं बघू. स्टिलचं एमएस ३८२ हे ७२.२ सीसीचं, हुस्क्वार्नाचं ३७२ एक्सपी हे ७०.७ सीसीचं. शेतकऱ्याने फळ्यांसाठी सुरुवात करावी ती या गटातून. त्याच्या वर स्टिलचं एमएस ६६१ (९१.१ सीसी) आणि हुस्क्वार्नाचं ३९५ एक्सपी (९३.६ सीसी) येतात, ३६ इंची बार यांच्यावर शोभतो. सगळ्यात वर एमएस ८८१ (१२१.६ सीसी) आणि ३१२० एक्सपी (११८.८ सीसी). हे दोन खास मोठ्या बारांसाठीच आहेत. त्यांनी रोज फांद्या तोडायला गेलात तर संध्याकाळी हात वर होणार नाही.

स्वस्त मशीन घेताना अंगावरचा आकडा म्हणजे सीसी असं धरून चालू नका. झाकणावर ५८०० लिहिलेलं असतं आणि विकणारा ‘अठ्ठावन्न सीसी’ म्हणून सांगतो. पुस्तिकेत बोअर आणि स्ट्रोक बघा. बोअरचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५, सगळं सेंटिमीटरमध्ये. बोअर ४५.२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ३४ मिलिमीटर असेल तर उत्तर येतं साडेचोपन्न. अशा मशीनला २२ इंची बार लावून दिलेला असतो. तो दिसायला लांब असतो एवढंच. या मशीनने फळ्या पाडायच्याच असतील तर फूटभर व्यासाच्या सुबाभूळ-निलगिरीपुरतं थांबावं.

चेन: तोडायची आणि चिरायची

दुकानातून येणारी चेन आडवं तोडण्यासाठी घासलेली असते. तिच्या दाताची वरची धार साधारण ३० अंशांत तिरकी असते. फळी पाडायला ही धार १० अंशांच्या आसपास, जवळजवळ सरळ हवी. अशा चेनला रिपिंग चेन म्हणतात. तिने काप थोडा सावकाश होतो पण फळीचा पृष्ठभाग गुळगुळीत येतो आणि मशीन हिसके देत नाही. तयार रिपिंग चेन मिळाली नाही तर जुन्या चेनचा कोन कानशीने हळूहळू सरळ करत न्यावा. एका दमात करू नये. तीन-चार धारांत होतो.

चेन घेताना तीन आकडे जुळावे लागतात: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. मोठ्या मशीनवर पिच ३/८ किंवा .४०४ इंच असते. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची, म्हणजेच ड्राइव्ह लिंकची जाडी, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. ३६ इंची बारवर ३/८ ची चेन ११४-११५ ड्राइव्ह लिंकची लागते. हे तिन्ही आकडे बहुतेक बारवर मागच्या बाजूला कोरलेले असतात. मोबाइलवर फोटो काढूनच दुकानात जावं.

लांब बारसाठी ‘स्किप’ चेन मिळते. ११४ लिंकच्या नेहमीच्या चेनवर ५७ दात असतात, फुल स्किपवर ३८. दात कमी म्हणजे इंजिनावर भार कमी, भुशाला जागा जास्त, आणि कानस मारायची ती अडतीसच दातांना.

चेनसॉची खाच रुंद असते, नऊ-दहा मिलिमीटर. पट्टा करवतीची अडीच-तीन. ३६ इंची ओंडक्याच्या दोन इंची फळ्या पाडल्या तर पंधराएक निघतात. पट्टा करवतीवर त्याच ओंडक्याच्या सतरा निघाल्या असत्या. दोन फळ्या भुशात गेल्या. एक इंची फळ्या पाडल्या तर नुकसान आणखी वाढतं. म्हणून चेनसॉने जाड फळ्याच काढाव्यात. पातळ काम आरागिरणीचं.

आपली लाकडं आणि त्यांचे स्वभाव

आंबा मऊ. चेनसॉ शिकायला यासारखं लाकूड नाही. वाईट गोष्ट म्हणजे भुंगा लवकर लागतो.

कडुनिंब मध्यम कठीण. वाळवी सहसा शिवत नाही, दारं-खिडक्यांना उत्तम. मात्र रस्त्याकडेच्या निंबात लाकडापेक्षा लोखंड जास्त असायची भीती. जाहिरातींचे खिळे, तारा, झोक्याची कडी, झाडावर ठोकलेले नंबरचे पत्रे, सगळं साल गिळून बसलेली असते. वरून काही दिसत नाही. खोडावर निळसर-काळा डाग दिसला की आत लोखंड आहे असं समजावं. हातातलं मेटल डिटेक्टर एका चेनच्या किमतीत वसूल होतं.

बाभूळ जड आणि चिवट. बैलगाडीची चाकं, नांगर, कुळव याच लाकडाचे व्हायचे. जुने सुतार ओंडका काही महिने पाण्यात बुडवून ठेवायचे, म्हणजे भुंगा लागत नसे. बाभळीला धार दर कापाला लावावी लागते.

चिंच सगळ्यात खडतर. मुसळं, मोगऱ्या आणि खाटकाचे ठोकळे चिंचेचे का करतात हे पहिल्या कापातच कळतं. जुन्या झाडात गडद तपकिरी-जांभळट गाभा निघतो आणि भोवती फिकट पिवळं लाकूड. या दोन रंगांसाठीच ही फळी महाग विकली जाते. चिंचेसाठी वरच्या यादीतल्या इंजिनाच्या एक पायरी वरचं घ्यावं.

वड, पिंपळ, उंबर यांच्या फळ्या पाडायच्या फंदात पडू नये. लाकूड कमजोर, आणि पेमगिरीच्या महावटवृक्षाला मान देणारा आपला जिल्हा वटपौर्णिमेचा दोरा करवतीखाली येऊ देणार नाही.

पहिला काप शिडीवर

ओंडका थोड्या उतारावर ठेवा, म्हणजे मशीनचं वजनच ते पुढे नेतं. दोन्हीकडून पाचरी मारून तो पक्का करा. पहिल्या वेळी ओंडक्याची पाठ गोल असते, चौकट कशावर सरकणार? यासाठी अॅल्युमिनियमची सरळ शिडी ओंडक्यावर लांबीने टाकतात. शिडीच्या खाली दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे, वर लेव्हल, आणि स्क्रूने पक्की. चौकट शिडीवरून सरकते, खाली पाठीचा तुकडा सुटतो आणि सपाट पृष्ठभाग तयार होतो. पुढचे काप त्याच पृष्ठभागावरून. पहिला काप वाकडा गेला तर सगळ्या फळ्या वाकड्या, म्हणून त्या शिडीवर अर्धा तास घालवायला हरकत नाही.

काप फूटभर पुढे गेला की मागच्या खाचेत लाकडी पाचर सरकवावी. वरची फळी खाली बसून बार दाबत नाही. पाचर लोखंडाची नको. चेन लागली तर दात गेले. मशीन ढकलावं लागत असेल तर धार गेली आहे. धारदार चेन स्वतःच पुढे जाते, माणसाने फक्त दिशा द्यायची. काप सोडून दिल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर मंद चालू द्या, आतली उष्णता बाहेर पडते.

पेट्रोल, तेल आणि काळं तेल

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. चांगल्या मशीनला पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. काही स्वस्त मशीनांना पंचवीसास एक, म्हणजे ४० मिलिलिटर. पुस्तिकेत असेल तेच पाळावं. फळ्या पाडताना कार्ब्युरेटर थोडा रिच लावून घेतात, म्हणजे पेट्रोल जरा जास्त जातं आणि इंजिन थंड राहतं. ९० सीसीचं मशीन सतत जोरावर चाललं तर तासाला तीन लिटरच्या आसपास पितं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं. मिसळलेलं पेट्रोल महिनाभराहून जास्त ठेवू नये, आणि काम नसेल तेव्हा टाकी रिकामी करून मशीन ठेवावं.

बारला चेनसाठीचं तेल वेगळं असतं. ट्रॅक्टरचं काढलेलं काळं तेल ओतायची आपल्याकडे सवय आहे. त्यातला धातूचा कचरा बार आणि तेलपंप दोन्ही खातो, आणि फळीवर काळे डाग पडतात ते वेगळंच. ३६ इंचांवरच्या बारला टोकाकडून थेंबथेंब तेल सोडणारी छोटी बाटली जोडावी. मशीनचा स्वतःचा पंप तिथवर पुरत नाही.

अंगावर काय हवं

सात दाती स्प्रॉकेटवर, मिनिटाला ९,००० फेऱ्यांत ३/८ ची चेन सेकंदाला २० मीटर धावते, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. रस्त्यावरच्या एसटीच्या वेगाने धावणारे दात हाताखाली असताना धोतर, उपरणं, सैल बाह्या चालत नाहीत. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, पायात टोकाला लोखंड असलेले बूट, मांडीवर चेन अडवणारं संरक्षक कापड. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानाला मफ हवेतच. कापसाच्या बोळ्याने भागत नाही. वाऱ्याची दिशा बघून उभं राहा, नाहीतर धूर आणि भुसा दोन्ही नाकात जातात. ३६ इंचांवरच्या बारला टोकाकडे दुसरी मूठ आणि ती धरायला दुसरा माणूस लागतो. शेतात एकट्याने हे काम करू नये. मोबाइलला रेंज आहे की नाही तेही आधी बघून घ्यावं.

फळी निघाल्यावर

चैत्र-वैशाखातलं नगरचं ऊन आणि कोरडा वारा ओल्या फळीला आठवड्यात फोडतात. फळी पाडली की त्याच दिवशी दोन्ही तोंडांना ऑइलपेंट किंवा मेण लावा, कारण ओल सगळ्यात जोरात तोंडांतून जाते. सावलीत जमिनीपासून फूटभर उंच थप्पी लावा. दोन फळ्यांच्या मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या, दर दीड-दोन फुटांवर, एकाखाली एक. वर वजन ठेवा. आंब्याला आणि पांढऱ्या बाजूच्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक अॅसिडचं पाणी मारलं तर भुंग्यापासून बचाव होतो. सुकायला जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा ढोबळ हिशेब. तीन इंची चिंच आज चिरली तर टेबल तीन वर्षांनी.

विकत, भाड्याने, की आरागिरणीत?

एका ओंडक्यासाठी १२० सीसीचं मशीन घेणं म्हणजे एका लग्नासाठी घोडा पाळणं. वर्षाला चार-पाच ओंडके, तेही दोन फुटांच्या आतले, असं काम असेल तर ७० सीसीच्या वरचं चांगलं मशीन, २८ इंची बार आणि साधी चौकट पुरते. तेच मशीन २० इंची बार लावून शेतातली बाकी कामंही करतं. चौकट चांगला फॅब्रिकेटरही बनवून देऊ शकतो. दांड्या सरळ आणि समांतर आहेत एवढं तपासून घ्यावं.

तीन फुटांवरचा बुंधा कधीतरी एखादाच हाती लागतो. तेव्हा मोठं मशीन आणि ते चालवणारा माणूस रोजाने बोलवावा. तोही जमत नसेल तर मधला रस्ता आहे. ७० सीसीच्या मशीनने ओंडका लांबीने उभा फोडायचा. तीन फुटी बुंध्यात २८ इंची बार एका बाजूने आरपार पोचत नाही, म्हणून खोडाच्या पाठीवर सरळ सुतळीची रेघ मारून वरून अर्धं कापायचं, ओंडका पलटवून समोरच्या बाजूने उरलेलं अर्धं. दीड टनाच्या ओंडक्याचे दोन तुकडे होतात, ट्रॉलीत चढतात आणि परवाना असलेल्या आरागिरणीत पट्टा करवतीवर त्यांच्या फळ्या कमी नुकसानीत निघतात. शिवाय गाभ्याची रेघ मधोमध कापली गेल्याने पुढे तडे कमी जातात. नगरसारख्या जिल्ह्यात, जिथे मोठा ओंडका पाच-सात वर्षांत एकदा पडतो, तिथे माझ्या मते हाच रस्ता सगळ्यात शहाणपणाचा.

पुढच्या वेळी बांधावरचं जुनं झाड पडेल तेव्हा वीटभट्टीवाल्याला फोन लावण्याआधी बुंध्याला टेप लावून बघा. घेर चार फुटांच्या वर भरला तर त्यात फळ्या आहेत.